बोटावरचा लाल दिवा

१

बुधीबाई वरठा साप चावून मेली नाही. साप चावला होता खरा, भाताच्या खाचरात, डाव्या पायाला. पण त्यातून ती उठली होती. उधव्याहून तिला डहाणूच्या किनारा हॉस्पिटलात आणलं, आयसीयूत ठेवलं, नळी घातली आणि विष उतरलं. नळी काढल्यावर तिने पेज मागून घेतली, लेकीला विचारलं की कोंबड्या कोण झाकतंय. मग अचानक थंडी वाजून ताप भरला आणि दोन दिवसांत म्हातारी गेली.

तिची लेक काळी प्रेत ताब्यात घेईना. हॉस्पिटलच्या फाटकासमोर, रिक्षा उभ्या राहतात तिथे, ती उधव्याच्या माणसांना घेऊन बसली. उमेश डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या भगताने जखमेवर पाला चोळला ना? त्या घाणीने मारलं तिला. वर माझ्या आयसीयूत रोग पसरवला. आणखी दोन माणसं गेली माझी."

भगत होता लाहू. बुधीबाईचा सख्खा भाऊ, काळीचा मामा. तोही तिथेच बसला होता. काळीने त्याच्याकडे पाहिलं, "तू मारलीस," म्हणाली आणि उठून त्याच्यापासून लांब जाऊन बसली. थोड्या वेळाने लाहू एकटाच एसटी स्टँडकडे चालत गेला.

प्रकरण वर्तमानपत्रात आलं, आणि जिल्ह्यातून चौकशीला डॉ. दक्षा राऊत यांना पाठवलं. दक्षा जंतूंची डॉक्टर. पू, थुंकी, शौच, सडलेली कातडी यांच्यात तिचा अर्धा जन्म गेला होता. घोलवडच्या चिकूवाडीत वाढलेली ही बाई शवागारातून निघून सरळ डबा उघडायची. तिला पाहून लोकांनाच कसंतरी व्हायचं.

ती आधी शवागारात गेली. चादर बाजूला करून तिने बुधीबाईचा पाय पाहिला. दाताच्या दोन खुणा होत्या, सुकलेल्या. भोवती पाल्याचा काळपट हिरवा डाग. सूज उतरलेली, पू नाही, वास नाही. असा पाय घेऊन माणूस आठवड्यात शेतावर जातो.

मग तिचं लक्ष हाताकडे गेलं. उजव्या हाताच्या तर्जनीवर तपकिरी चिकटपट्टीचे वेढेच्या वेढे होते. आयसीयूत बोटाला ऑक्सिजन मोजायची पट्टी, म्हणजे प्रोब, बांधतात, तिच्यावरचे हे वेढे. मेल्यावर वायर धरून पट्टी ओढून घेतली होती, वेढे मात्र तसेच होते.

दक्षा एकेक वेढा सोडवू लागली. पहिले दोन कोरडे निघाले. तिसरा ओला होता. चौथ्याला वास आला, गोड, जड, पिकून उकिरड्यावर पडलेल्या फळांसारखा. शेवटचा वेढा ओढला तेव्हा त्याच्याबरोबर कातडी आली, मोजा निघावा तशी. आत हिरवट बुळबुळीत थर होता आणि त्या थराखाली पांढरं काहीतरी दिसत होतं. ते हाड होतं.

शवागाराचा माणूस तोंडावर गमछा दाबून बाहेर पळाला. दक्षा तिथेच वाकून बघत राहिली. ज्या पायाला साप चावला तो पाय बरा झाला होता. मग हे बोट कुणी खाल्लं?

२

उमेश डॉक्टरांच्या केबिनमध्ये मोगऱ्याच्या अत्तराचा वास होता. पांढरा शर्ट, टेबलावर एक कागद वाकडा नाही. त्यांनी दक्षाला खुर्ची दिली आणि स्वतःच्या हातावर सॅनिटायझर चोळून घेतलं.

"पाय स्वच्छ आहे," दक्षा म्हणाली. "जंतू पायातून आत गेला नाही. बोटातून गेला. प्रोब बांधला होता तिथून."

"मॅडम, तुम्हाला मी काय सांगायचं? बीपी वाढवायची औषधं दिली की बोटं काळी पडतात. रक्तच पोचत नाही. बोट मेलं, मेलेल्या बोटावर नंतर जंतू बसले. जंतू तिने घरून आणले."

"आणि बाकीचे दोघे?"

"तिच्याकडूनच गेला त्यांच्याकडे."

बाकीचे दोघे म्हणजे डहाणूचे एक निवृत्त शिक्षक आणि फुग्याच्या कारखान्यातला एक कामगार. दोघांच्या रक्तात बुधीबाईचाच जंतू सापडला होता, ओल्या जागी वाढणारा, हिरवा रंग सोडणारा, बहुतेक औषधांना दाद न देणारा.

"प्रोबची मला शंका आहे," दक्षा म्हणाली. "तो एका पेशंटचा दुसऱ्याला लावता का तुम्ही?"

उमेश डॉक्टर हसले. "आमच्याकडे एकदाच वापरायचे प्रोब आहेत. सीलबंद पाकिटात येतात. पेशंट गेला किंवा घरी गेला की प्रोब बाद. आणि एक सांगतो. माझे वडील त्याच आठवड्यात त्याच आयसीयूत होते. बुधीबाईच्या शेजारच्या खाटेवर. वय झालेलं, डायबिटीस, छातीत न्यूमोनिया. त्यांच्याही बोटाला तोच प्रोब, त्याच कंपनीचा, रात्रंदिवस. त्यांना काही झालं नाही. आता घरी पेपर वाचतायत. प्रोबमध्ये दोष असता तर आधी ते गेले असते. का नाही गेले, ते तुम्हीच सांगा."

प्रश्न रास्त होता. सगळ्यात अशक्त माणूस, तीच खोली, तीच वस्तू, आणि तोच वाचतो.

तेवढ्यात आयसीयूतून फोन आला. उमेश डॉक्टरांनी ऐकलं आणि फोन ठेवताना त्यांचा चेहरा उतरला होता. तलासरीच्या हिरूला थंडी वाजून ताप भरला होता.

३

हिरू बाळंतपणात खूप रक्त गेलं म्हणून आली होती. वयाने लहान, डोळे मोठे. तिचं बाळ बाहेर तिच्या सासूच्या मांडीवर होतं. दक्षाने आधी तिचा हात धरला. तपकिरी वेढे सोडवले. आतून मऊ पट्टीसारखा प्रोब निघाला, त्याच्या पोटात लाल दिवा अजून जळत होता. दिव्याखालचं बोट पांढरं फटक, भिजलेलं, मध्ये चण्याएवढा खड्डा. वाकली तसा तोच गोड वास आला.

"हा परत लावू नका. आणि हे औषध आत्ता सुरू करा," तिने नाव सांगितलं. जंतू ओळखीचा होता, त्याच्यावर कोणतं औषध अजून चालतं हे तिला माहीत होतं.

शितल सिस्टर आयसीयूची मुख्य नर्स. तिने औषध चढवलं. "मॅडम, बोट बदलायचं असतं दर थोड्या वेळाने. मला माहीत आहे. एका पाळीत आम्ही दोघी, खाटा सहा. कधी बदलतो, कधी राहून जातं. आणि पट्टी चिकटतच नाही नीट. निसटते, मॉनिटर ओरडतो. मग मी वरून चिकटपट्टी घट्ट बांधते."

"नवी पट्टी चिकटत नाही?"

"नाही ना. पाकीट फोडलं तरी गोंद गेलेलाच असतो. समुद्राची हवा आहे, त्याने होतं, असं स्टोअरवाले म्हणतात."

शेवटच्या खाटेवर झाईचा नविन होता. बोटीवर स्टोव्ह भडकून त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते, छातीही थोडी. इतकी उघडी जखम त्या खोलीत दुसऱ्या कुणाला नव्हती. जंतूंना यजमान निवडायचा असता तर त्यांनी नविनलाच निवडलं असतं. तो मात्र उशीला टेकून चहा पीत होता. बायको कप धरून पाजत होती.

"ताप आला होता का रे कधी?"

"नाय मॅडम. आग होते नुसती. बीपीचं औषध लावलेलं पहिल्या दिवशी, मग काढलं." त्याच्या कानाच्या पाळीला एक छोटा चिमटा होता.

शितल म्हणाली, "बोटं सगळी बँडेजमध्ये ना, म्हणून प्रोब कानाला लावला. ऑपरेशन थिएटरचा आहे तो, प्लॅस्टिकचा. मी स्वतः स्पिरिटने पुसून आणला."

दक्षाने मनात टिपून घेतलं. बीपीचं औषध त्यालाही होतं. हवा तीच, पाणी तेच, नर्स त्याच. फक्त बोटाची पट्टी नव्हती, आणि हा माणूस ठणठणीत होता. सगळं प्रोबकडे बोट दाखवत होतं, आणि दर वेळी मध्ये उमेश डॉक्टरांचे वडील येऊन उभे राहत होते.

"सरांचे वडील इथे होते तेव्हा त्यांची पट्टी चिकटायची?"

शितलच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "त्यांचं सगळं सर स्वतः करायचे, मॅडम. रोज बोट बदलायचे, पट्टी बदलायचे. कोटाच्या खिशातून पाकीट काढून आपल्या हाताने लावायचे. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं."

"आणि वापरलेले प्रोब कुठे टाकता?"

"टाकत नाही. स्टोअरला परत देतो, पाकिटासकट. वायर असते म्हणून तो इलेक्ट्रॉनिक कचरा धरतात. वेगळा जातो."

दारात हॉस्पिटलचा शिपाई येऊन उभा राहिला. त्याने शितलला सांगितलं की सरांनी तिला ड्युटीवरून उतरवलंय. निष्काळजीपणे पट्टी बांधून पेशंटची बोटं सडवली, असा ठपका होता. शितल भिंतीला टेकली.

भगत झाला, आता नर्स. दक्षाला वाटलं, या हॉस्पिटलात दोष खालच्या खालीच वाहत जातो, गटारासारखा.

४

स्टोअर तळमजल्यावर, मागच्या बाजूला. स्टोअर सांभाळणारे धनेशभाई गोल चेहऱ्याचे, अगदी अगत्यशील. "बेसो, बेसो मॅडम," म्हणत त्यांनी पंखा वळवला, चहा मागवला आणि खणातून चिकूच्या चिप्सचं पाकीट काढून फोडलं. "घरचे आहेत. बायको वाळवते. आपल्या घोलवडच्या वाडीतले चिकू. खाऊन बघा."

दक्षाने एक तुकडा तोंडात टाकला. चांगला होता. पाकीट हातात घेऊन तिने उलटसुलट पाहिलं. वरच्या तोंडाला रुंद सील होतं, बारीक आडव्या रेघांचं, कंगव्यासारखं उमटलेलं.

"हे पण घरीच?"

"हो. छोटं मशीन आहे. दाबलं की झालं."

तिने प्रोबची पाकिटं मागितली. धनेशभाईंनी खोकं पुढे केलं. तिने मूठभर काढून टेबलावर ओळीने मांडली, आणि सवयीने त्यांच्या कडा जुळवायला लागली. कडा जुळेनात. काही पाकिटं लांब होती, काही बोटभर आखूड. छापलेलं कंपनीचं नाव लांब पाकिटात बरोबर मधोमध होतं. आखूड पाकिटात ते एका टोकाला सरकलेलं दिसत होतं, जणू दुसऱ्या टोकाकडून पाकीट कापलं होतं.

तिने आखूड पाकिटाचं ते टोक खिडकीच्या उजेडात धरलं. तिथे कंपनीच्या गुळगुळीत अरुंद पट्टीऐवजी रुंद सील होतं. बारीक आडव्या रेघा, कंगव्यासारख्या.

तोंडातला चिकूचा तुकडा तिने हळूच रुमालात काढला.

"दोन-चार घेऊन जाते," ती शांतपणे म्हणाली. "तपासायला."

"घ्या ना," धनेशभाई म्हणाले. कप उचलताना त्यांचा चहा बशीत सांडला.

५

तिच्या लॅबमध्ये मिथुन नावाचा तंत्रज्ञ होता. दक्षाने त्याच्यासमोर पाकीट पुसलं, निर्जंतुक कात्रीने उघडलं आणि आतला प्रोब चिमट्याने बाहेर काढला. दिसायला साफ होता. तिने लाल दिव्याभोवतीच्या मऊ फटीत ओला बोळा फिरवला आणि तो काचेच्या बशीतल्या, जंतू वाढवायच्या खाद्यावर ओढला. लांब पाकिटातल्या प्रोबचंही तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी मिथुनने बश्या आणून ठेवल्या. लांब पाकिटाची बशी कोरी होती. आखूड पाकिटाची बशी हिरवी झाली होती. झाकण उचललं तसा सडक्या फळांचा गोड वास टेबलभर पसरला.

"मॅडम, पाकीट तर बंद होतं," मिथुन म्हणाला. "मी बघितलं ना. सील होतं."

"सील होतंच," दक्षा म्हणाली. "पण ते कुणी मारलं?"

ती सरकारी पंच घेऊन डहाणूला परतली आणि सरळ स्टोअरच्या मागच्या खोलीत शिरली. धनेशभाई आडवे आले, मग बाजूला झाले. खोलीत खोक्यांच्या भिंती होत्या. त्यांच्यामागे एक निळी बादली होती, झाकण ठेवलेली.

दक्षाने झाकण काढलं.

बादलीत करडं पाणी होतं. जंतुनाशकाचं असावं, पण इतकं पातळ केलेलं की वर साय धरली होती. त्यात प्रोब भिजत घातले होते, गांडुळांसारख्या वायरी एकमेकींत गुंतलेल्या. पाण्यावर चिकटपट्टीचे तुकडे तरंगत होते, केस होते. एक पातळ, अर्धपारदर्शक पापुद्रा होता, त्याला नखाचा आकार होता. मेलेल्या माणसांच्या बोटांवरचं सगळं तिथे एकत्र मुरत होतं. जंतू मारायला केलेल्या पाण्यात जंतूंची शेती झाली होती. शेजारी दोरीवर धुतलेले प्रोब वाळत होते, आणि फळीवर ते छोटं सीलचं मशीन.

पंचांपैकी एक जण दाराबाहेर जाऊन ओकला.

धनेशभाई खोक्यावर बसले. त्यांनी कपाळ पुसलं. "मी नोकर माणूस आहे, मॅडम. मला वाटलं, औषधात घातलं की साफ होतं."

"कुणी सांगितलं करायला?"

त्यांनी फक्त वरच्या मजल्याकडे, छताकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

६

केबिनमध्ये उमेश डॉक्टर, धनेशभाई, शितल आणि पंच. शितलला दक्षाने घरून बोलावून घेतलं होतं. ती दाराजवळच उभी राहिली.

सगळं ऐकून घेतल्यावर उमेश डॉक्टर खुर्चीवरून उठले. "धनेश," ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "तू माझ्या पाठीमागे हे करत होतास? मी तुझ्यावर विश्वास ठेवला." मग दक्षाकडे वळून, "मॅडम, मी स्वतः याच्याविरुद्ध तक्रार देतो. मला काहीच कल्पना नव्हती."

धनेशभाईंनी वर पाहिलं. त्यांच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं.

"कल्पना होती," दक्षा म्हणाली.

"कशावरून?"

"तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. प्रोबमध्ये दोष असता तर तुमचे वडील कसे वाचले? मी त्यावर फार विचार केला. आता उत्तर देते." ती टेबलाच्या कडेला टेकली. "नविन वाचला, कारण त्याला बोटच नव्हतं पट्टी लावायला. तुमच्या वडिलांना मात्र बोट होतं आणि पट्टीही होती. तरी ते वाचले. म्हणजे त्यांची पट्टी वेगळी होती. आयसीयूच्या ट्रॉलीत पाकिटं पडलेली असायची, दिसायला सीलबंद. तुम्ही त्यातलं एकही घेतलं नाही. रोज कोटाच्या खिशातून आणलंत."

"मी मुलगा आहे त्यांचा. मुलाने काळजी घेतली तर गुन्हा झाला?"

"मुलाने भारी औषध आणलं असतं, मुंबईहून मोठा डॉक्टर आणला असता, तर मला कळलं असतं. पण तुम्ही तीच वस्तू आणलीत. तीच कंपनी, तेच पाकीट. हाताशी तीच नवी वस्तू असताना माणूस दुसरीकडून का आणेल? ट्रॉलीतली नवी आहे असं ज्याला वाटतं, तो ती टाळत नाही. टाळतो तो, ज्याला ती कुणाच्या बोटावरून आली ते माहीत असतं." ती पंचांकडे वळली. "हे कपाट उघडून घ्या."

उमेश डॉक्टर कपाटासमोर जाऊन उभे राहिले, पण क्षणभरच. शितल पुढे आली. इतका वेळ खाली असलेली तिची नजर आता सरळ होती. "किल्ली वरच्या खणात असते, सर," ती म्हणाली आणि तिनेच खण उघडून किल्ली पंचांच्या हातात दिली.

कपाटात खोकं होतं. आतली पाकिटं सगळी लांब, नाव मधोमध, कडेला कंपनीचं अरुंद गुळगुळीत सील. आखूड एकही नव्हतं.

"पेशंटच्या बिलात दर वेळी नवा प्रोब लागायचा," धनेशभाई एकदम बोलले. आवाज चिरका झाला होता. "सर म्हणाले होते, वायर तर चांगली असते, फेकायची कशाला. वडील आले तेव्हा मला म्हणाले, धनेश, कंपनीचा एक बॉक्स वर पाठव. न उघडलेला. बघून पाठव."

उमेश डॉक्टर खाली बसले, सवयीने सॅनिटायझर हातावर घेतलं आणि चोळत राहिले. मग ते हलक्या आवाजात, जणू दोन डॉक्टरांमधली खाजगी गोष्ट बोलावी तसे म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथल्याच आहात. हे लोक कसे राहतात ते तुम्हाला ठाऊक आहे. गुरांजवळ झोपतात, शेणाने सारवतात. यांच्या अंगावर आधीच किती जंतू असतात. त्यात एका पट्टीने काय फरक पडणार होता?"

दक्षाच्या घशाशी आंबट आलं. आयुष्यात किती बश्या हुंगल्या, किती पोटं उघडी पाहिली, बादलीचं झाकण काढलं तेव्हाही तिच्या पोटात ढवळलं नव्हतं. आता ढवळलं. त्या स्वच्छ शर्टाकडे, त्या चोळल्या जाणाऱ्या गोऱ्या हातांकडे तिला बघवेना. ती भराभर बाहेर आली, पॅसेजमधल्या बेसिनवर वाकली आणि नळ सोडून तशीच उभी राहिली. शितल मागून आली. तिने दक्षाच्या पाठीवर हात ठेवला.

७

उमेश डॉक्टरांना आणि धनेशभाईंना पोलिसांनी नेलं, आयसीयूला कुलूप लागलं. पेशंट दुसरीकडे हलवले. हिरूचा ताप उतरला, पण बोटाचं पहिलं पेर कापावं लागलं. राहिलेल्या बोटाने ती बाळाच्या तोंडात स्तन द्यायला शिकली. शितलवरचा ठपका पुसला गेला. तरी दक्षाला भेटली तेव्हा ती म्हणाली, "पट्टी घट्ट मीच बांधत होते ना, मॅडम. जखम त्यानेच व्हायची." दक्षाने तिला खोटा धीर दिला नाही. "हो," ती म्हणाली, "जखम त्याने झाली. विष दुसऱ्याने भरलं."

काळीला निरोप धाडता आला असता. दक्षा स्वतःच उधव्याला गेली. पाड्यावर पोचली तेव्हा काळी अंगणात नाचणी पाखडत होती. दक्षा ओट्यावर बसली. पाणी प्यायली. मग तिने सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, काही न लपवता. साप, पाय, बोट, पट्टी, बादली. बोलताना शेजारपाजारच्या बायका जमल्या.

"मग पाल्याने नाय मेली माझी आयस?" काळीने विचारलं.

"नाही. पाय बरा झाला होता तिचा."

"मामाने पाला लावला नं तेव्हाच बोलला, गाडी बघा, हिला डहाणूला न्या. रिक्षावाल्याला त्यानेच उठवलान." काळीचं सूप थांबलं होतं. "नं मी त्याला बोलली, तू मारलीस. माणसांच्या म्होरं बोलली. तवापासून कोन जात नाय त्याच्याकडं. पोरं पण नाय."

काळीने नाचणीतला एक खडा वेचून फेकला.

"त्या डॉक्टरने त्याच्या बापाला चांगली पट्टी लावली?"

"हो."

"नवी?"

"नवी."

काळीने सूप खाली ठेवलं. अंगण ओलांडून ती कुडाच्या बाहेर गेली आणि तिथे, आपल्या जमिनीच्या हद्दीपलीकडे, तोंडातलं सगळं गोळा करून थुंकली. पुन्हा थुंकली. परत येऊन रांजणातल्या पाण्याने चूळ भरली, पदराने तोंड पुसलं.

"मॅडम, जेवून जा," ती म्हणाली. "भात हाय, सुक्या बोंबलाचं कालवण हाय. मी मामाला घेऊन येते."

लाहूचं घर पाड्याच्या टोकाला, पळसाजवळ होतं. काळी अनवाणी निघाली. वाटेत जमलेल्या बायका बाजूला झाल्या, मग एक म्हातारी तिच्या मागून चालू लागली, तिच्यामागे दुसरी. दाराशी पोचल्यावर काळीने हाक मारली नाही. ती उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली आणि आतल्या अंधाराकडे बघत म्हणाली, "मामा, भात वाढलाय. चल."

आतून काठी टेकल्याचा आवाज आला.